खोडून उरलेली कारणं

माझी मुलगी एकोणीस वर्षांची असताना तिने एका रात्री मला सरळ विचारलं, "आई, तू येशूला का मानतेस? आजीने शिकवलं म्हणूनच ना?" प्रश्नात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणूनच मला चटकन उत्तर देता येईना. "विचार करून सांगते," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक कोरी वही घेतली आणि कारणं लिहायला बसले. तासाभरात अकरा झाली. मग एकेक कारण पुढे घेऊन स्वतःला विचारायला लागले: उद्या हे हातातून गेलं तरी माझा विश्वास टिकेल का? टिकणार असेल, तर विश्वास त्याच्यावर उभा नाही. खोडायचं. हे काम मात्र तासाभराचं नव्हतं. पाच-सहा महिने ती वही माझ्या उशाशी होती.

"आईवडिलांची श्रद्धा" हे पहिलं कारण. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तान्ही होते. बोलायला लागण्याआधीपासून प्रार्थना कानावर पडत होती. ते ऋण मोठं आहे. पण माझा धाकटा भाऊ त्याच घरात, त्याच प्रार्थना ऐकत वाढला आणि विशीतच म्हणाला की हे मला पटत नाही. घराने मला दारापर्यंत आणलं. आत राहण्याचं कारण घर नव्हे. खोडलं.

"प्रार्थनेला मिळालेली उत्तरं" खोडताना हात थबकला. उत्तरं मिळाली आहेत, हे मी आजही म्हणते. पण आईसाठी मी चौदा महिने रोज प्रार्थना केली आणि आई गेली. मिळालेली उत्तरं मोजायची आणि न मिळालेली मोजायची नाहीत, हा हिशोब खोटा. सृष्टीतली व्यवस्था पाहून निर्माता असावा असं मला वाटतं, पण तो विचार मला येशू या सुताराच्या वधस्तंभापाशी, म्हणजे क्रूसापाशी, आणत नाही, फार तर त्या दिशेला तोंड करून उभं करतो. नरकाची भीती तर केव्हाच गळून पडली होती. "ख्रिस्ती माणसं चांगली असतात" हे मी लिहिलंच कसं याचंच आश्चर्य वाटलं. क्रूस अंगावर मिरवत लोकांनी 1099 साली यरुशलेममध्ये कत्तल केली, गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी बायबल जवळ बाळगलं, आणि माझ्या ओळखीतली सगळ्यांत प्रेमळ माणसं म्हणाल तर त्यांतली निम्मी देव मानत नाहीत. एवढं मात्र खरं, की त्या कत्तलीला मी ज्या मापाने वाईट म्हणते ते माप मला येशूनेच दिलं आहे: भुकेल्याला, परक्याला, तुरुंगातल्याला जे केलं ते मला केलं, असं तो म्हणाला. पण हे वेगळं कारण झालं. ते खोडलेलं खोडलेलंच राहिलं.

अकरांपैकी तीन उरली. ती तिन्ही मला एकाच काळात मिळाली होती, आणि तो काळ मी मुलीला कधी नीट सांगितला नव्हता.

आईच्या शेवटच्या दिवसांत माझं आणि भावाचं कडाक्याचं भांडण झालं. तो उशिरा आला होता. आईच्या खोलीबाहेर उभा राहून तो मला म्हणाला, "ताई, एवढ्या प्रार्थना केल्यास, कुठे आहे तुझा देव?" आणि मी म्हणाले, "देवाचं सोड, तू कुठे होतास?" एवढ्यावर थांबले नाही. आणखीही बोलले, ते इथे लिहिणार नाही. आई गेल्यावर त्याचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. आठ महिने. मग एका पहाटे फोन आला तो त्याचा नव्हता, त्याच्याबद्दलचा होता. हृदयविकाराचा झटका. तो एक्केचाळीस वर्षांचा होता.

भेटायला येणारे म्हणत, "देवाची इच्छा." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते, तरी ते वाक्य मी कोणाच्याही दुःखात आता उच्चारत नाही. मी प्रार्थना करणं सोडून दिलं. रविवारी उपासनेला जायचे, उभं राहायची वेळ आली की उभी राहायचे, आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. देव नाही असं मला वाटत नव्हतं. त्याच्यापुढे जाण्याचं तोंड नाही असं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्याच्यावर रागही होता. दोन्ही एकदम असू शकतं.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वृद्ध पाळकांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "प्रार्थना होत नसेल तर करू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. दुसरं काही नको." बायबलमधली विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. मी ते वाचलं आणि पहिल्यांदा रडले. ज्याने हे लिहिलं त्याला देवाने गप्प केलं नव्हतं, उलट त्याचं गाऱ्हाणं पवित्र शास्त्रात जपून ठेवलं होतं. मलाही बोलायची मुभा आहे असं त्या दिवशी वाटलं.

स्तोत्रानंतर मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, हाती घेतलं, आणि ते एका बैठकीत वाचलं. सोळा अध्याय, दीडेक तास. लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं असल्यामुळे त्याचा वेग मला माहीतच नव्हता. चारही शुभवर्तमानांत हे सगळ्यांत आधीचं, साधारण इ.स. 70च्या आसपासचं मानतात. यात शिष्य सारखे चुकतात. पेत्र, ज्याला पुढे सगळी मंडळी मानणार होती, तो एका दासीसमोर नाकारतो आणि मग भोवतालच्यांसमोर शपथा वाहून म्हणतो की मी त्या माणसाला ओळखतही नाही. अटकेच्या रात्री सगळे पळतात. स्वतःच्या पुढाऱ्यांची अब्रू राखण्यासाठी लिहिलेला हा मजकूर नाही. आणि सर्वांत शेवटी येशू वधस्तंभावरून ओरडतो, "एलोई, एलोई, लमा सबक्थनी?" माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? बाकी मजकूर ग्रीकमध्ये असला तरी हे शब्द लिहिणाऱ्याने त्याच्या स्वतःच्या अरामी बोलीतच ठेवले आहेत, जणू कोणाच्या तरी कानात ते तसेच अडकून राहिले होते.

भावाचा प्रश्न होता, "कुठे आहे तुझा देव?" आणि माझा देव स्वतःच विचारत होता, देव कुठे आहे.

हे माझं उरलेलं पहिलं कारण. दुःख का येतं याचं उत्तर मला ख्रिस्ती श्रद्धेने दिलेलं नाही, आणि ते मिळालं असा दावा मी कधी करणार नाही. मिळाला तो असा देव, ज्याने तो प्रश्न आतून भोगला आहे. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर 1857 साली भिंतीवर ओरखडलेलं एक जुनं चित्र सापडलं. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, त्याच्यापुढे हात वर करून उभा असलेला एक जण, आणि खाली ग्रीकमध्ये लिहिलेलं, की अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो आहे. कोणीतरी केलेली चेष्टा. सुळावर चढवलेल्या गुन्हेगाराला देव म्हणणं त्या जगात इतकं हास्यास्पद होतं. अलेक्सामेनोस कोण होता ते कळायला मार्ग नाही, पण मला तो फार जवळचा वाटतो.

तरीही एवढ्याने भागलं नाही. करुण कथा मनाला भिडते म्हणून खरी ठरत नाही. माझ्या भावाने हेच म्हटलं असतं, आणि त्याच्याशी वाद घालायची सवय अजून सुटली नव्हती. म्हणून मी पुनरुत्थानाकडे, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठला या दाव्याकडे, वळले, आणि तिथे मी जवळजवळ दोन वर्षं होते.

पहिल्यांदा अडचणीच दिसल्या. कबरेपाशी कोण कोण स्त्रिया गेल्या, याबद्दल चारही शुभवर्तमानं तंतोतंत एक बोलत नाहीत. आत एक तरुण होता की दोन पुरुष? मार्कच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पूर्ण प्रतींत, म्हणजे चौथ्या शतकातल्या दोन हस्तलिखितांत, मजकूर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी तुटतो: स्त्रिया पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढची वचनं नंतर जोडलेली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे प्रथम कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. आता तसं होत नाही. लपवण्यासारखं असतं तर शेकडो वर्षं चाललेल्या नकला करण्यात कोणीतरी हे सगळं घासून-पुसून एकसारखं केलं असतं.

आणि त्या तपशिलांत फरक असले तरी एका गोष्टीवर चौघेही ठाम आहेत: रिकामी कबर आधी स्त्रियांनी पाहिली. त्यांत मग्दालीया मरीया चारही ठिकाणी आहे. त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसीफस स्पष्ट लिहितो की स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने नेमकं हेच धरून टिंगल केली, की हे पाहिलं कोणी, तर एका वेड्यापिशा बाईने. गोष्ट रचायचीच होती तर कोणत्याही शहाण्या माणसाने पहिले साक्षीदार म्हणून यांना निवडलं नसतं. लिहिणाऱ्यांनी ते तसं लिहिलं, कारण ते तसंच घडलं होतं, असं मला वाटतं.

शिष्यांना भास झाले असतील, हेही मी धरून पाहिलं. त्याबाबतीत मला पुस्तकापेक्षा स्वतःचा अनुभव उपयोगी पडला. भाऊ गेल्यावर तीन-चारदा मला त्याची हाक ऐकू आली होती, अगदी स्पष्ट, "ताई" अशी. एकदा तर मी ओ दिली. पण त्यामुळे तो जिवंत आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. उलट तो नाही हे अधिकच कळलं. शोकातले भास माणूस गेला हेच पक्कं करतात. शिवाय त्या शिष्यांची श्रद्धा काय होती? सगळ्या मृतांचं पुनरुत्थान शेवटच्या दिवशी. योहानाच्या शुभवर्तमानात मार्था आपल्या मेलेल्या भावाबद्दल, लाजराबद्दल, नेमकं तसंच बोलते. इतिहास चालू असताना मध्येच एकटाच कोणी उठेल, हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. भासाला लागणारी अपेक्षाच तिथे नव्हती.

पण ज्याने मला खरोखर वळवलं, तो एक माणूस. त्याच्याबद्दल उपासनेत मी फारसं ऐकलेलं नव्हतं. याकोब. येशूचा भाऊ.

मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूच्या घरची माणसं त्याला धरून न्यायला येतात, कारण त्याला वेड लागलं आहे असं म्हणत होते. योहानाचं शुभवर्तमान सातव्या अध्यायात सरळ सांगतं की त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. (काही मंडळ्यांच्या परंपरेत याकोबाला चुलत किंवा सावत्र भाऊ मानतात. तसं असलं तरी घरचाच माणूस.) आणि मग काही वर्षांनी हाच याकोब यरुशलेममधल्या मंडळीचा आधारस्तंभ म्हणून दिसतो. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल गलतीयातल्या मंडळ्यांना लिहिताना सांगतो की मी यरुशलेमला केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. ही भेट वधस्तंभानंतर दहा वर्षांच्या आतली आहे. जोसीफस, जो ख्रिस्ती नव्हता, लिहितो की ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब याला महायाजक हन्न याने दगडमाराची शिक्षा दिली. ते साल इ.स. 62.

मी बहीण आहे. भावंडं काय असतात ते मला ठाऊक आहे. लहानपणी कोण रडलं, कोणी चोरून खाल्लं, कोणी खोटं बोलून सुटका करून घेतली, सगळं आपल्याजवळ असतं. साऱ्या जगाने माझ्या भावाला थोर म्हटलं असतं तरी मी म्हटलं असतं, तुम्ही त्याला ओळखत नाही. भावाला "प्रभू" म्हणायला मला काय लागेल? आणि त्यासाठी दगड खाऊन मरायला? तोही भाऊ असा, की ज्याला शापित मानल्या जाणाऱ्या मरणाने मारलं, ज्याच्यामुळे घराण्याची मान खाली गेली.

याचं उत्तर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. हे पत्र इ.स. 55च्या आगेमागे लिहिलेलं, आणि पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सोपवलं, म्हणजे हे शब्द त्याच्याही आधीचे. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला दिसला, मग बाराजणांना, मग पाचशेहून अधिक जणांना, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. आणि मग तीन-चार शब्दांत: नंतर तो याकोबाला दिसला.

बस. ती भेट बायबलच्या नव्या करारात कुठेही वर्णन केलेली नाही. ज्याने वेडा ठरवलं, जो वधस्तंभापाशी होता असं कुठे लिहिलेलं नाही, त्या भावाकडे तो मरणानंतर स्वतः गेला. मी ते वाक्य त्या रात्री किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही. हे दुसरं कारण. येशूचं पुनरुत्थान गणितासारखं सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. पण याकोबाचं काय झालं याचा दुसरा कुठलाही खुलासा मला पटत नाही, आणि मी मनापासून शोधला आहे.

तिसरं कारण त्याच सुमाराचं आहे आणि ते सांगायला सगळ्यांत अवघड. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र येशूला नाकारतो तेव्हा तो कोळशांच्या शेकोटीपाशी उभा असतो. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी येशू त्याला भेटतो, तेव्हाही तिथे कोळशांचा विस्तव पेटवलेला असतो. त्यासाठीचा ग्रीक शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. येशू पेत्राला त्या रात्रीबद्दल जाब विचारत नाही, आणि झालं ते झालं असंही म्हणत नाही. तीनदा नाकारलं होतं, तीनदा विचारतो: माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो. जखम उघडल्याशिवाय धुता येत नाही.

मी एका रात्री तो अध्याय उघडून बसले आणि भावाचे आठ महिन्यांचे फोन एकेक करून देवापुढे मांडले. किती होते ते मला माहीत होतं. फोनमधून मी ते पुसले नव्हते. सव्वीस. कोणताही आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही. पण सव्विसाव्यानंतर मी उठले तेव्हा दोन वर्षांनी पहिल्यांदा मला देवापुढून पळावंसं वाटत नव्हतं. क्षमा झाली याची खूण माझ्यापुरती तेवढीच. याला कोणी मनाची समजूत म्हणेल. मीही म्हणून पाहिलं. मनाची समजूत मी आधी पुष्कळदा घातली होती, "तूही कमी बोलला नाहीस", "मला काय माहीत होतं" वगैरे, आणि ती एकदाही सकाळपर्यंत टिकली नव्हती. इथे समजूत घातली गेली नाही. तू चुकलीस, हे पुरतं मान्य झालं, आणि तरी मला दूर लोटलं गेलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी भावजयीकडे गेले आणि तिच्याजवळ सगळं कबूल केलं. ते त्या रात्रीशिवाय माझ्याकडून झालं नसतं.

शंका संपल्या असं नाही. भावाने विश्वास सोडला होता. त्याचं पुढे काय, हा प्रश्न मला अजूनही रात्री जागं ठेवतो. त्या अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राकडे मी वर्षातून तीन-चारदा परत जाते. मार्कमध्ये आजारी मुलाचा बाप म्हणतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. माझी प्रार्थना बहुधा त्याच्यापुढे जात नाही.

वही मी मुलीला दिली, खोडलेल्या कारणांसकट. तिने चार दिवस ठेवून घेतली. परत दिली तेव्हा पटलं की नाही हे ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. सव्वीस हा आकडा मात्र तिने वाचला होता. तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

मग म्हणाली, "याकोबाला तो भेटला तेव्हा दोघं काय बोलले?"

"लिहिलेलं नाही."

"मामा भेटला तर तू काय बोलशील?"

मी म्हणाले, "तो मला आधी बोलूच देणार नाही."